गर्भाशयमुखाचा कर्करोग आणि एचपीव्ही लस : माहितीकडून विश्वासाकडे

प्रस्तावना

बंगळूरूच्या दक्षिण भागातील बसवनगुडी ही वस्ती आज नंदीचे प्राचीन मंदिर, गांधी बाजार आणि जुनी महाविद्यालये यांमुळे ओळखली जाते. या वस्तीच्या वाढीचे कारण मात्र सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात सापडते. १८९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली प्लेगची साथ रेल्वेमार्गाने पसरत ऑगस्ट १८९८ मध्ये बंगळूरूला पोहोचली. जुन्या पेठेतील दाट, कोंदट वस्तीत ती झपाट्याने फैलावली. त्यानंतर बसवनगुडी आणि मल्लेश्वरम या दोन नव्या वसाहतींकडे नागरिकांचा ओघ वाढला. सरळ व रुंद रस्ते, मोकळी जागा आणि सांडपाण्याची व्यवस्था ही त्यांच्या आखणीची वैशिष्ट्ये होती. रोगाला नगररचनेने दिलेले हे एक उत्तर होते.

त्याच काळात दुसरे उत्तर मुंबईतील प्रयोगशाळेत तयार होत होते. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. लस उपलब्ध झाली, तरी ती लोकांनी स्वीकारणे ही वेगळी गोष्ट आहे, हे पुढील काही वर्षांत स्पष्ट झाले. पुण्यात प्लेगनिवारणासाठी झालेल्या सक्तीच्या घरझडत्यांमुळे असंतोष पसरला आणि २२ जून १८९७ रोजी रँडवर हल्ला झाला. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे एका बाटलीतील लस टोचलेल्या १९ व्यक्ती धनुर्वाताने मरण पावल्या. त्याचा ठपका हाफकिन यांच्यावर आला. पुढे १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले, परंतु तोपर्यंत लसीविषयीच्या विश्वासाला तडा गेला होता.

शतकाहून अधिक काळ लोटल्यानंतर मानवी पॅपिलोमा विषाणू, अर्थात एचपीव्ही, आणि त्यावरील लस यांच्या संदर्भात हेच प्रश्न नव्या स्वरूपात पुढे आले आहेत. लस परिणामकारक आहे. रोगाचे कारण ज्ञात आहे. तरीही पालक संकोचतात. या संकोचाचे मूळ केवळ अज्ञानात आहे काय? महाराष्ट्रातील बार्शी व धाराशिव, त्या वेळच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि सिक्कीम येथील अनुभव या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास मदत करतात. लोकांना माहिती देणे आवश्यक आहे; परंतु माहिती कोण देतो, कशी देतो आणि लोकांना नकाराचा अधिकार आहे की नाही, यांवर लसीकरणाचे यश अवलंबून असते, असे हे अनुभव सांगतात.

रोगाचे स्वरूप व व्याप्ती

एचपीव्ही हा एकच विषाणू नसून त्याचे २०० हून अधिक प्रकार आहेत. त्यांपैकी बहुतेक निरुपद्रवी असतात. काही प्रकारांमुळे चामखीळ येते, तर सुमारे डझनभर प्रकार कर्करोगकारक मानले जातात. त्यांतही १६ आणि १८ हे दोन प्रकार जगातील गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या सुमारे ७० टक्के रुग्णांमध्ये कारणीभूत असतात. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउसेन यांनी १९८३-८४ मध्ये हा संबंध प्रस्थापित केला. त्याबद्दल त्यांना २००८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

हा विषाणू लैंगिक संपर्कातून पसरतो. वैवाहिक वा लैंगिक जीवन सुरू झालेल्या बहुसंख्य स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हा ना केव्हा त्याची बाधा होते. म्हणून ही बाधा कोणाच्या चारित्र्याची निदर्शक नाही, हे प्रथम लक्षात घ्यावे. बहुतेकींच्या शरीरातून विषाणू एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. काही स्त्रियांमध्ये तो टिकून राहतो. अशा वेळी गर्भाशयमुखाच्या पेशींत हळूहळू बदल होतात आणि साधारणतः १५ ते २० वर्षांनी कर्करोग उद्भवू शकतो. प्रतिकारशक्ती क्षीण असल्यास, उदाहरणार्थ एचआयव्ही बाधितांमध्ये, हा काळ कमी असतो. बाधा आणि कर्करोग यांच्यातील हा दीर्घ काळच प्रतिबंधाची संधी देतो.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार त्या वर्षी जगात सुमारे ६ लाख ६० हजार स्त्रियांना हा रोग झाला आणि सुमारे ३ लाख ५० हजार स्त्रिया मरण पावल्या. भारतात त्याच वर्षी सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ८० हजार स्त्रियांचा मृत्यू झाला. जगातील एकूण मृत्यूंपैकी सुमारे ९४ टक्के मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. त्यामुळे हा प्रश्न वैद्यकीय असण्याबरोबरच सामाजिक न्यायाचाही आहे. मृत्यू पावणाऱ्या स्त्रिया बहुधा चाळिशी ते साठीच्या दरम्यानच्या असतात. घराचा, शेतीचा आणि मुलांचा भार त्यांच्यावर असतो.

भारतातील कर्करोगाची पद्धतशीर नोंद ठेवण्याच्या कार्यात बंगळूरूला विशेष स्थान आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९८१ मध्ये राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम सुरू केला. त्यातील प्रारंभीच्या लोकसंख्याधारित केंद्रांत मुंबई व चेन्नईबरोबर बंगळूरूचा समावेश होता. तेथील किडवाई स्मारक अर्बुदशास्त्र संस्थेने हे काम पाहिले. बंगळूरूच्या नोंदींत प्रारंभी स्त्रियांच्या कर्करोगांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग अग्रस्थानी होता. पुढे त्याचे प्रमाण घटत गेले आणि स्तनांच्या कर्करोगाने पहिले स्थान घेतले. विवाहाचे वाढलेले वय, कमी झालेली अपत्यसंख्या आणि सुधारलेले राहणीमान ही या घटीची कारणे मानली जातात. ही घट लसीमुळे झालेली नाही. लसीचा परिणाम प्रौढ स्त्रियांतील आकडेवारीत दिसण्यास दोन दशके लागतात.

लस : कार्य आणि मर्यादा

क्वीन्सलँड विद्यापीठातील इयान फ्रेझर आणि जियान झोऊ यांनी १९९१ मध्ये या विषाणूच्या बाह्य आवरणातील प्रथिनापासून विषाणूसदृश कण तयार केले. हे कण बाहेरून विषाणूसारखे दिसतात. परंतु आत जनुकीय द्रव्य नसल्यामुळे त्यांच्यापासून बाधा होणे शक्य नसते. शरीर मात्र त्यांना ओळखून प्रतिपिंडे तयार करते. याच तत्त्वावरील पहिली लस २००६ मध्ये वापरात आली. भारतात २००८ मध्ये अशा लसींना परवाना मिळाला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने ६, ११, १६ व १८ या चार प्रकारांविरुद्ध 'सर्वाव्हॅक' ही लस विकसित केली. भारतीय औषध महानियंत्रकांनी जुलै २०२२ मध्ये तिला मान्यता दिली.

या लसीविषयी तीन बाबी नीट समजून घेणे आवश्यक आहे. पहिली, लस प्रतिबंध करते; आधी झालेली बाधा वा कर्करोग बरा करत नाही. म्हणूनच ती विषाणूशी संपर्क येण्यापूर्वी, ९ ते १४ या वयात देणे सर्वांत लाभदायक ठरते. या वयात प्रतिपिंडेही अधिक प्रमाणात तयार होतात. दुसरी, लस सर्व कर्करोगकारक प्रकारांना रोखत नाही. त्यामुळे लस घेतलेल्या स्त्रीलाही पुढे तपासणीची गरज राहते. तिसरी, दंड दुखणे, सौम्य ताप, डोकेदुखी आणि क्वचित सुई टोचल्यावर भोवळ येणे हे तिचे सामान्य परिणाम आहेत. म्हणून लस दिल्यावर मुलीला सुमारे १५ मिनिटे बसवून ठेवतात. लसीमुळे वंध्यत्व येते, या समजाला जगभरातील सुरक्षाविषयक पाहण्यांत आधार सापडलेला नाही.

परिणामाचा पुरावाही आता केवळ प्रयोगशाळेपुरता राहिलेला नाही. स्वीडनमधील २०२० च्या अभ्यासात वयाच्या सतराव्या वर्षापूर्वी लस घेतलेल्या स्त्रियांमध्ये कर्करोगाचे प्रमाण ८८ टक्क्यांनी कमी आढळले. इंग्लंडमध्ये १२-१३ व्या वर्षी लस मिळालेल्या पिढीत ही घट ८७ टक्के असल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

ज्ञान, दृष्टिकोन आणि आचरण

सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासात लोकांच्या प्रतिसादाचे मोजमाप ज्ञान, दृष्टिकोन आणि आचरण या तीन पायऱ्यांनी करतात. विषाणूचे नाव ऐकलेले असणे हे ज्ञान. लस उपयुक्त आहे असे वाटणे हा दृष्टिकोन. आणि मुलीला प्रत्यक्ष लस देणे हे आचरण. या पायऱ्या आपोआप एकामागून एक येत नाहीत. बसवनगुडीसारख्या नागरी वस्तीत रुग्णालय हाकेच्या अंतरावर असते. लगतच्या विश्वेश्वरपुरम भागात तर वैद्यकीय महाविद्यालयाचेच रुग्णालय आहे. अशा ठिकाणी अडचण अंतराची नसते, ती मनातील प्रश्नांची असते. उलट दुष्काळी तालुक्यातील खेड्यात प्रश्न कमी असतील. पण दवाखाना दूर असतो. दोन्ही ठिकाणी एकच प्रचारपत्रक वाटून भागत नाही.

पालकांकडून सामान्यतः विचारले जाणारे प्रश्न असे आहेत. 'मुलगी एवढी लहान असताना ही लस कशासाठी?' 'लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या रोगाची लस देणे म्हणजे तशा वर्तनाला मोकळीक देणे नव्हे काय?' 'पुढे मूल होण्यास अडचण येईल काय?' 'आमच्या घराण्यात कोणाला कर्करोग नाही, मग गरज काय?' या प्रश्नांना अडाणीपणा म्हणून बाजूला सारणे ही प्रचारातील मोठी चूक ठरते. पहिल्याचे उत्तर प्रतिकारशक्तीच्या शास्त्रात आहे. दुसऱ्याबाबत असे सांगता येते की बाळाला जन्मतः दिली जाणारी कावीळ-बी ची लसही लैंगिक संबंधातून पसरू शकणाऱ्या रोगाचीच आहे. तिच्याबाबत असा आक्षेप कोणी घेत नाही. चौथ्याचे उत्तर असे की हा कर्करोग मुख्यतः विषाणूजन्य आहे; घराण्यात रोग नसणे हे त्यापासून संरक्षण नव्हे.

मुलांच्या लसीकरणाचा प्रश्नही येथेच उद्भवतो. हा विषाणू पुरुषांमध्येही काही कर्करोगांना कारणीभूत ठरतो. ऑस्ट्रेलियाने २०१३ पासून मुलांनाही लस देण्यास प्रारंभ केला. साधने मर्यादित असलेल्या देशांत मुलींना प्राधान्य दिले जाते. परंतु त्यामुळे रोगाची सारी जबाबदारी स्त्रीवर येते असा समज होऊ नये, याची दक्षता प्रचारात घ्यावी लागते.

जाणीवजागृतीसाठी धक्कातंत्राचा अवलंब किती योग्य, याचे एक उदाहरण अलीकडचे आहे. १ फेब्रुवारी २०२४ रोजी अंतरिम अर्थसंकल्पात ९ ते १४ वयोगटातील मुलींच्या लसीकरणास प्रोत्साहन देण्याची घोषणा झाली. दुसऱ्याच दिवशी एका अभिनेत्रीचा या रोगाने मृत्यू झाल्याची बातमी पसरली. ती खोटी असून जागृतीसाठी पसरवण्यात आल्याचे लगेच उघड झाले. रोगाचे नाव घरोघर पोहोचले, हे खरे. परंतु खोट्या बातमीने मिळालेले लक्ष आणि विश्वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बार्शी आणि धाराशिव : संवादाची फलश्रुती

खऱ्या संवादाने काय साधते, याचे उदाहरण सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे आढळते. तेथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शीबरोबर परांडा व भूम तालुक्यांतील गावे तिच्या कक्षेत होती. रुग्ण आपणहून रुग्णालयात येण्याची शक्यता कमी असल्यामुळे नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जात. ते ग्रामस्थांना भेटत, रोगाची प्रारंभिक लक्षणे समजावून देत आणि लक्षणे असलेल्या स्त्रियांना तपासणीस येण्यास सांगत. सरसकट चाचणीची कोणतीही योजना नसताना, केवळ या संपर्कामुळे लवकरच्या अवस्थेत निदान होणाऱ्या गर्भाशयमुख कर्करोगाच्या रुग्णांचे प्रमाण काही वर्षांतच वाढल्याचे दिसून आले. नोंदवही घेऊन येणारा माणूस ओळखीचा झाला, म्हणून त्याचे शब्द ऐकले गेले.

या पायावर तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी एक मोठा अभ्यास हाती घेतला. ३० ते ५९ वयोगटातील १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रियांचा त्यात समावेश होता. ५२ ग्रामसमूहांची चार गटांत विभागणी करण्यात आली : एचपीव्ही चाचणी, पेशी तपासणी, ॲसिटिक आम्ल लावून केलेली दृश्य तपासणी आणि नेहमीची सेवा मिळणारा गट. ज्या स्त्रियांना एचपीव्ही चाचणीसाठी बोलावले गेले, त्यांपैकी सुमारे ८० टक्के स्त्रिया प्रत्यक्ष आल्या. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार केवळ एका एचपीव्ही चाचणीने या रोगामुळे होणारे मृत्यू सुमारे निम्म्याने कमी झाले. एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४, तर चौथ्या गटात ६४ मृत्यू नोंदले गेले.

या अभ्यासाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. चौथ्या गटातील स्त्रियांना तपासणी न मिळाल्याबद्दल पुढे नैतिक आक्षेप घेतले गेले. ज्ञान मिळवताना सहभागी व्यक्तीच्या हिताची हमी कशी द्यावी, हा प्रश्न त्यातून उपस्थित झाला. मात्र खेड्यातील स्त्री तपासणीस येत नाही, हा समज या जिल्ह्याने खोटा ठरवला, हे निर्विवाद आहे.

खम्मम आणि वडोदरा : संमतीचा प्रश्न

ज्या वर्षी धाराशिवचे निष्कर्ष जाहीर झाले, त्याच वर्षी लसीच्या इतिहासातील एक कटू प्रकरण सुरू झाले. जुलै २००९ मध्ये आंध्र प्रदेशातील (आता तेलंगणातील) खम्मम जिल्ह्यात आणि त्यानंतर गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यात 'पाथ' या आंतरराष्ट्रीय संस्थेने आयुर्विज्ञान संशोधन परिषद व राज्य शासनांच्या सहकार्याने १० ते १४ वर्षांच्या मुलींसाठी प्रात्यक्षिक प्रकल्प राबवला. दोन्ही ठिकाणी मिळून वीस हजारांहून अधिक मुलींना लस देण्यात आली. त्यांत आदिवासी मुलींची संख्या लक्षणीय होती. प्रकल्पकाळात सात मुलींचे मृत्यू झाल्याचे पुढे आल्यावर केंद्र शासनाने एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवला.

चौकशी समितीने या मृत्यूंचा लसीशी संबंध असण्याची शक्यता फारच कमी असल्याचे सांगितले. मृत्यूंच्या कारणांत बुडणे, सर्पदंश, विषप्राशन आणि ताप यांचा समावेश होता. परंतु चौकशीत दुसरा दोष उघड झाला. अनेक मुलींच्या संमतिपत्रावर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी किंवा मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या. लसीनंतरच्या प्रतिकूल घटनांची नोंद ठेवण्याची व्यवस्थाही अपुरी होती. संसदेच्या आरोग्य व कुटुंबकल्याणविषयक स्थायी समितीने ऑगस्ट २०१३ मधील आपल्या ७२ व्या अहवालात या बाबींवर कठोर टीका केली.

हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयातही गेले. संसदीय समितीच्या अहवालाचा न्यायालयात आधार घेता येतो काय, असा घटनात्मक प्रश्न त्यातून निर्माण झाला. कल्पना मेहता विरुद्ध भारत सरकार या खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ९ मे २०१८ रोजी निर्णय दिला. अशा अहवालाची न्यायालय दखल घेऊ शकते. मात्र त्याच्या वैधतेला न्यायालयात आव्हान देता येत नाही, असे पीठाने स्पष्ट केले. आरोग्य, संशोधनातील नीती आणि संसदीय विशेषाधिकार हे तीन विषय येथे एकत्र येतात. म्हणून परीक्षेच्या दृष्टीने हे प्रकरण महत्त्वाचे आहे.

खम्ममचा बोध असा की लस सुरक्षित असणे पुरेसे नाही. ती देण्याची पद्धतही निर्दोष असावी लागते. पालकांना विचारले गेले नव्हते. म्हणून एका दुःखद योगायोगाचे खरे कारण सांगितल्यावरही ते त्यांना पटणे कठीण झाले. मुलकोवालच्या घटनेनंतर विश्वास परत मिळवण्यास जशी वर्षे लागली, तसेच येथे घडले. लसीच्या राष्ट्रीय पातळीवरील विचारास त्यानंतर अनेक वर्षे गती मिळाली नाही.

थांबलेल्या अभ्यासातून मिळालेले ज्ञान

या स्थगितीचा एक अनपेक्षित परिणाम झाला. बार्शी व पुण्यासह देशातील अनेक केंद्रांत त्या वेळी आणखी एक अभ्यास चालू होता. १० ते १८ वयोगटातील मुलींना दोन मात्रा पुरेशा होतात की तीन लागतात, हे त्यात तपासायचे होते. एप्रिल २०१० च्या आदेशामुळे तेथील लसीकरणही थांबले. परिणामी सुमारे पाच हजार मुलींना एकच मात्रा मिळाली. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. सुमारे दहा वर्षांनंतर, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत एका मात्रेने १६ व १८ या प्रकारांच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या बाधेपासून सुमारे ९५ टक्के संरक्षण दिल्याचे आढळले. दोन व तीन मात्रांचे परिणामही जवळपास तेवढेच होते.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२२ मध्ये ९ ते २० वयोगटासाठी एका मात्रेचा पर्याय मान्य केला. त्यामागील पुराव्यांत या भारतीय अभ्यासाचा समावेश होता. एका मात्रेमुळे खर्च कमी होतो. शाळेत दुसऱ्यांदा जाण्याची गरज उरत नाही आणि मधेच शाळा सोडणाऱ्या मुलीही वंचित राहत नाहीत.

सिक्कीम आणि जपान : दोन भिन्न वाटा

विश्वास कसा बांधला जातो, हे सिक्कीमने दाखवले. राज्य शासनाने २०१८ मध्ये ९ ते १४ वयोगटातील सुमारे २५ हजार मुलींसाठी शालेय मोहीम आखली. लसीकरणापूर्वी शिक्षक, डॉक्टर, पत्रकार आणि पालक यांच्याशी चर्चा करण्यात आली. प्रतिकूल घटना घडल्यास काय करायचे, कोणी बोलायचे, हेही आधीच ठरवले होते. पहिल्या फेरीत सुमारे ९७ टक्के मुलींना लस मिळाली. त्याआधी पंजाबने भटिंडा व मानसा जिल्ह्यांत २०१६ मध्ये अशीच सुरुवात केली होती.

जपानचा अनुभव याच्या उलट आहे. तेथे लसीनंतर वेदना व अशक्तपणाच्या काही तक्रारींना प्रसिद्धी मिळाल्यावर जून २०१३ मध्ये शासनाने लसीची सक्रिय शिफारस मागे घेतली. लसीकरणाचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांवरून १ टक्क्याच्या खाली घसरले. पुढील अभ्यासांत त्या तक्रारींचा लसीशी संबंध आढळला नाही. तरी शिफारस पुन्हा लागू होण्यास एप्रिल २०२२ उजाडले. जपान हा साक्षर व संपन्न देश आहे. तेथे उणीव माहितीची नव्हती. शंका उपस्थित झाल्यावर तिला वेळीच, स्पष्ट उत्तर देण्यात व्यवस्था कमी पडली.

धोरणात्मक चौकट

जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये या रोगाच्या उच्चाटनाचे धोरण जाहीर केले. ते '९०-७०-९०' या नावाने ओळखले जाते. २०३० पर्यंत १५ वर्षे वयापर्यंतच्या ९० टक्के मुलींना लस, ३५ व ४५ या वयांत ७० टक्के स्त्रियांची उच्च दर्जाची तपासणी आणि रोग आढळलेल्या ९० टक्के स्त्रियांना उपचार, अशी ही उद्दिष्टे आहेत. दर लाख स्त्रियांमागे वार्षिक नवे रुग्ण चारपेक्षा कमी होणे म्हणजे सार्वजनिक आरोग्य समस्या म्हणून रोगाचे उच्चाटन होय. भारतात राष्ट्रीय लसीकरण तांत्रिक सल्लागार गटाने जून २०२२ मध्ये ही लस सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात घेण्याची शिफारस केली.

तपासणीची बाजू मात्र दुर्बळ आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) ३० ते ४९ वयोगटातील केवळ १.९ टक्के स्त्रियांनी कधी तरी गर्भाशयमुखाची तपासणी करून घेतली होती. तामिळनाडूत हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. लसीचा लाभ आजच्या मुलींना दोन दशकांनंतर मिळेल. त्यांच्या मातांचा बचाव तपासणीवरच अवलंबून आहे. म्हणून मुलीच्या लसीचे निमंत्रण देताना आईला तपासणीचे निमंत्रण देणे, ही दोन्ही कार्यक्रमांना जोडणारी साधी व परिणामकारक कल्पना आहे.

वरील अनुभवांवरून जनजागृतीची काही तत्त्वे निश्चित करता येतात. एक, माहिती मातृभाषेत आणि ओळखीच्या व्यक्तीकडून मिळावी. आशा कार्यकर्ती, परिचारिका, शिक्षिका आणि कुटुंबाचे डॉक्टर हे येथे मुख्य दुवे आहेत. दोन, पालकांची लेखी व समजून दिलेली संमती ही औपचारिकता न मानता कार्यक्रमाचा पाया मानावी. तीन, लसीच्या मर्यादा आणि सामान्य परिणाम आधीच सांगावेत. चार, प्रत्येक प्रतिकूल घटनेची त्वरित व खुली चौकशी व्हावी. पाच, शाळाबाह्य मुलींसाठी स्वतंत्र व्यवस्था असावी. अन्यथा सर्वाधिक धोक्यातील मुलीच वगळल्या जातील.

समारोप

प्लेगच्या काळात राज्यकर्त्यांनी नव्या वसाहती वसवल्या, कायदा केला आणि लसही तयार झाली. या तिन्हींपैकी सर्वांत कठीण काम लोकांचे मन वळवण्याचे होते आणि सक्तीने ते साधले नाही. एचपीव्ही लसीच्या बाबतीत भारताकडे आज स्वदेशी उत्पादन आहे, एका मात्रेचा पुरावा आहे आणि तो पुरावा अंशतः भारतीय मुलींच्या सहभागातून मिळालेला आहे. या मुलींचे व त्यांच्या पालकांचे देणे फेडायचे, तर प्रत्येक पालकाला प्रश्न विचारण्याची संधी आणि त्याचे प्रामाणिक उत्तर मिळाले पाहिजे. ते मिळाल्यास बसवनगुडीतील सुशिक्षित आई आणि परांड्यातील शेतमजूर आई या दोघींचा निर्णय सारखाच असण्याची शक्यता मोठी आहे.

सरावासाठी प्रश्न

१. लसीची उपलब्धता आणि लसीचा स्वीकार यांतील अंतर भारतीय उदाहरणांच्या साहाय्याने स्पष्ट करा.
२. खम्मम-वडोदरा प्रकल्पातून संशोधनातील नीतीविषयी कोणते प्रश्न उपस्थित झाले? घटनापीठाच्या २०१८ च्या निर्णयाचे महत्त्व सांगा.
३. '९०-७०-९०' उद्दिष्टांपैकी भारतापुढे सर्वांत मोठे आव्हान कोणते आहे, याची सकारण चर्चा करा.
४. बार्शी येथील ग्रामीण कर्करोग नोंदणी ही जनजागृतीचे साधन कशी ठरली?